मागितलेला वेग

दुपारी लाइट आली आणि टेबलावरचा कंपनीचा डबा जागा झाला, तेव्हा त्याच्या पोटात बाबांचं मेमरी कार्ड आहे हे अनुया विसरूनच गेली होती. सकाळी तिने ते बाबांच्या जुन्या फोनमधून काढलं होतं. त्यातले फोटो काढून दे म्हणून बाबा वर्षभर मागे लागले होते आणि ती वर्षभर ‘करतेच’ म्हणत होती. आज कसाबसा मुहूर्त लागला, तर लॅपटॉपच्या खाचेत आधीच कामाचं कार्ड बसलेलं. मग हे नखाएवढं कार्ड ठेवायचं कुठे? टेबलावर ठेवलं तर चमकीच्या फिरकीसारखं गडप होणार आणि सासूबाई केरसुणी घेऊन घरभर शोधत बसणार. म्हणून नुसतं हरवू नये एवढ्यासाठी तिने ते समोरच्या डब्याच्या खाचेत खोचून दिलं होतं. मग दुपारी लाइट गेली. बदलापुरात लाइट जाणं ही काही कुणाला सांगावी अशी गोष्ट नाही, खरवईच्या बाजूला तर नाहीच नाही. तिने थांबत चाललेल्या पंख्याकडे एकदा पाहिलं, चहा टाकला आणि कप घेऊन परत आली तोवर लाइट आलेलीही होती. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. जागं होताना डबा पडद्यावर ज्या ओळी टाकतो त्या त्याने टाकल्या होत्या. कार्ड मिळालं. हाय स्पीड. वेग पन्नास. आणि त्याखाली, प्रोग्रॅम सापडला नाही. शेवटची ओळ बरोबरच होती. त्या कार्डावर प्रोग्रॅम कुठून येणार, त्यावर भाच्याच्या बारशाचे फोटो होते. पण तिच्या वरची ओळ अनुयाने पुन्हा एकदा वाचली आणि चहाचा घोट तिच्या तोंडातच राहिला.

तो फोन बाबांनी उल्हासनगरला तीन नंबरच्या बाजारात घेतला होता, घासाघीस करून, आणि दुकानदाराने ‘लो साईं, तुम्हारे वास्ते’ म्हणत हे कार्ड वरकड म्हणून हातावर ठेवलं होतं. तेव्हा अनुया कॉलेजात होती. त्या काळातल्या असल्या कार्डांना पन्नास मेगाहर्ट्झ हा वेग ठाऊकच नव्हता. पंचवीस ही त्यांची धाव, तीही भर तारुण्यातली. आणि डबा म्हणत होता, पन्नास. न अडखळता, रोजच्यासारखा. कुणाच्या तोंडून निघालेली साधी थाप असती तर ती हसली असती. पण डबा थापा मारत नाही, त्याला जे बोलायला शिकवलंय तेच तो बोलतो, आणि ही ओळ त्याला शिकवणारी जगात एकच बाई होती. कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, अनुयाने स्वतः लिहिला होता. तिने कप खाली ठेवला. तो नीट ठेवला गेला नाही, थोडा चहा बशीबाहेर सांडला आणि तिने तो पुसलाही नाही.

आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, लाइट आली का गं, आणि तिने आली म्हणून सांगितलं. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला बरं वाटलं. भीती अजून नीट आली नव्हती, दाराबाहेर चपला काढत होती. अंबरनाथच्या एमआयडीसीतली अनुयाची कंपनी हे डबे बनवत असे. केमिकलच्या कारखान्यात भिंतीवर टांगलेला, हवेत गॅस साचला की भोंगा वाजवणारा डबा. लाइट गेली की तो झोपतो. लाइट आली की त्याच्यात सगळ्यांच्या आधी एक चिमुकला प्रोग्रॅम उठतो, घरात पहाटे पहिल्यांदा उठून दाराची कडी काढणाऱ्या बाईसारखा. त्याला बूटलोडर म्हणतात. तो कार्डावरून मोठा प्रोग्रॅम ओढून आणतो, आणि तो आला की मगच डब्याला वास कळायला लागतो, मगच त्याचा हिरवा दिवा लागतो. तोवर डबा भिंतीवर नुसता टांगलेला असतो. कार्ड मंद असेल तर हा झोपेतला वेळ लांबतो. म्हणून तर बूटलोडरने कार्डाचा वेग पडद्यावर सांगायचा, असं वर्षापूर्वी ठरलं होतं, आणि ते काम अनुयाकडे आलं होतं. कंपनीत तपासणीच्या बाकावर बसणाऱ्या मुली पडद्यावर पन्नास बघतात आणि डब्याला पास म्हणून चिठ्ठी लावतात. दिवा किती वेळाने लागतो याकडे त्या कशाला बघतील, आकडाच बोलतोय म्हटल्यावर. पावसाळ्यानंतर कंपनीने कार्डं बदलली, दुसऱ्या कुणाकडून स्वस्तात घेतली. तेव्हा तिचा वरिष्ठ महेश स्वतः खुशीत येऊन सांगून गेला होता की नवी कार्डंही झक्कास आहेत, एकजात पन्नास दाखवतात. एकजात. या शब्दापाशी येऊन भीतीने चपला काढल्या आणि ती घरात आली.

तिने ड्रायव्हर उघडला. स्वतःचं जुनं लिखाण वाचताना तिला नेहमी थोडी लाज वाटते, जुन्या फोटोतली आपली केशरचना बघावी तशी, पण आज लाजेलाही जागा नव्हती. ओळ लगेच सापडली. ड्रायव्हर कार्डाला विचारतो, पन्नासने धावशील का? कार्ड हो म्हणतं किंवा नाही म्हणतं. नाही म्हणालं तर ड्रायव्हर मुकाट्याने वेग पंचवीसवर आणतो आणि काम चालू ठेवतो. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं होतं. पण वेगाची नोंद तिने विचारायच्या क्षणालाच करून टाकली होती, उत्तर यायच्या आधी. उत्तर काहीही येवो, नोंद पन्नासच. पडद्यावर जे उमटत होतं तो कार्डाला मिळालेला वेग नव्हताच, तो मागितलेला वेग होता. एक ओळ चार ओळी वर पडली होती, एवढंच. तिच्याशेजारी तिने स्वतःपुरती मराठीत टीप लिहिली होती, इंग्रजी अक्षरांत: ‘वेग बदललाच’. बदलला नव्हे, बदललाच. म्हणजे बदलतोय, बदलेल, समजा बदललाच. आपण सगळे असेच तर बोलतो, तिला वाटलं. पातेल्यात पाणी तापायचं असतं आणि आपण म्हणतो, झालंच. माणूस अजून अंघोळीला जायचा असतो आणि फोनवर सांगतो, निघालोच. या बोलण्याला कुणी फसत नाही, कारण ऐकणाराही त्यातलाच असतो. पण तिने ही बोली अशा एकाला शिकवली होती जो ती अक्षरशः घेतो.

तशी ती स्वतःही एकदा अक्षरशः घेऊन बसली होती. तिसरीत असेल, शाळेत नुकतेच काळ शिकवले होते, मी येतो, मी आलो, मी येईन. बाबा तिला स्कूटरवरून बारवी धरण दाखवायला घेऊन गेले होते. परतताना जंगलातल्या रस्त्यावर स्कूटर बंद पडली, पेट्रोल संपलं होतं. बाबांनी तिला पुलाच्या कठड्यावर बसवलं आणि म्हणाले, बस हं इथे, आलोच. आणि वळणावरून दिसेनासे झाले. ती बसली. सागाची मोठी मोठी पानं खाली पडताना कुणीतरी चालत येतंय असा आवाज व्हायचा, ती बघायची आणि कुणी नसायचं. मग तिच्या मनात आलं की बाबा ‘आलो’ म्हणाले, आणि आलो म्हणजे भूतकाळ. म्हणजे ते आलेले आहेत. आलेला माणूस दिसत नाही म्हणजे काय? म्हणजे ते इथेच आहेत आणि आपल्यालाच दिसत नाहीत. ती कठड्यावरून उतरली आणि एकेका झाडामागे जाऊन बघायला लागली. बाबा, दिसत नाही हो तुम्ही, असं ती हळूच म्हणत होती, मोठ्याने म्हटलं तर जे दिसत नाही ते भलतंच काही दिसेल या धाकाने. एकटं पडल्याची भीती असती तर ती रडली असती. ही भीती वेगळी होती. कुणीतरी शेजारी उभं आहे असं सांगितलंय आणि तिथे कुणीच नाही, ही ती भीती. बाबा दिवेलागणीला बाटलीत पेट्रोल घेऊन आले आणि तिचा चेहरा बघून उलट तिलाच रागावले, की रडायला काय झालं, आलोच म्हटलं होतं ना. घरी आल्यावर आईने खोबऱ्याची वडी दिली आणि विषय संपला. अनुयाचा मात्र तो कधीच पुरता संपला नाही. अजूनही सुजित फोनवर ‘पोचलोच’ म्हणाला की ती खिडकीतून खाली बघते, आणि गेटपाशी तो नसला की तो दिसेपर्यंत तिथून हलत नाही.

सुजित. इतका वेळ तिने हे नाव मनात येऊ दिलं नव्हतं, हे आता तिला कळलं. सुजित तिचा नवरा, अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टचा सुपरवायझर. मागच्याच आठवड्यात त्यांच्याकडे टाकीच्या खोलीत नवे डबे लागले होते. त्याने ते जेवताना सांगितलं होतं, चेष्टेत, की आता आमचा जीव बायकोच्या हातात. आणि मग जरा गंभीर होऊन समजावलंही होतं. त्या खोलीत सॉल्व्हंटच्या टाक्या आहेत. लाइट गेली की हवा बाहेर ओढणारे पंखे बंद पडतात आणि वाफ जमिनीलगत साचत जाते. तिला फारसा वास नसतो. माणसाचं डोकं जड होतं, बसावंसं वाटतं, आणि बसला की तो उठत नाही. म्हणून लाइट आली की आत जाऊन पंप सुरू करायच्या आधी सुपरवायझरने दाराशी थोडं थांबायचं आणि ऐकायचं. भोंगा वाजला तर दार बंद ठेवायचं. वाजला नाही तर जायचं. तुमचा डबा गप्प म्हणजे आम्ही बिनधास्त, तो म्हणाला होता, आणि त्याने तिच्या ताटातला पापड उचलला होता. तिला तेव्हा अभिमान वाटला होता. खोटं कशाला सांगायचं, चांगला भरपूर वाटला होता. आता ती तेच वाक्य उलटसुलट करून बघत होती. डबा गप्प. डबा जागा असून गप्प आहे की अजून उठलेलाच नाही, हे दाराबाहेरच्या माणसाला कसं कळणार? ऐकायला दोन्ही गप्प सारखेच.

महेशने नमुना म्हणून पाठवलेलं नवं कार्ड खणात होतं. तिने ते डब्यात घातलं, डबा बंद करून पुन्हा चालू केला आणि हात मांडीखाली दाबून बसली. पडद्यावर लगेच पन्नास आलं. यापुढे ती आजवर कधी बघत बसली नव्हती, पन्नास दिसलं की उठायची. आज ती बसली. दिवा लागला नाही. खाली सोसायटीच्या आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते टुंग टुंग ऐकू येत होतं. दिवा लागला नाही. सासूबाई उठून मोरीत गेल्या, आल्या, देवापुढचं निरांजन सारखं करून पुन्हा आडव्या झाल्या. दिवा लागला नाही. तिला वाटलं डबा बिघडलाय, आणि तसं वाटून तिला बरंच वाटलं, कारण बिघडलेला डबा हा एकच डबा असतो. मग हिरवा दिवा लागला. अगदी शांतपणे लागला, उशिरा आलेला माणूस मागच्या रांगेत येऊन बसतो तसा. अनुयाने तोंडावर हात ठेवला. एवढ्या वेळात माणूस त्या खोलीत शिरून पंपापर्यंत जाऊन खाली बसला असता.

यानंतर तिने जे केलं त्याचं तिला एरवी हसू आलं असतं. तिने ती ओळ दुरुस्त केली. नोंद उत्तर आल्यानंतरच्या जागी आणली, पुन्हा सगळं चढवलं, डबा चालू केला. आता पडद्यावर पंचवीस आलं, खरंखुरं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि तिने थंड झालेल्या चहाचा घोटही घेतला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरलं की तिकडे भिंतींवर टांगलेल्या डब्यांना यातलं काहीही कळलेलं नाही. आपण आरशात कुंकू सारखं करत बसलो आणि घर पेटलंय, असं तिला झालं. तिने सुजितला फोन लावला. तो वाजत राहिला, आणि वाजत राहणार हे तिला माहीत होतं. प्लांटमध्ये फोन नेत नाहीत, ठिणगीच्या भयाने सगळ्यांचे फोन गेटवरच्या कपाटात असतात. त्या बंद कपाटात आत्ता सुजितचा फोन थरथरतोय आणि शेजारचे फोन त्याला ऐकतायत, एवढंच तिला दिसलं.

मग तिने महेशला लावला. महेश वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा ओके म्हणाला, कार्डं कुठल्या खेपेतली ते विचारलं. नंतर तो बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

“अनुया, हे आत्ता कुणाला बोलू नकोस. सोमवारी शांतपणे बसून बघू. तसं बघायला गेलं तर फक्त मेसेजच चुकतोय ना? डबा तर चालतोय.”

ती म्हणाली की डबा उशिरा चालतोय. तो म्हणाला की उशिरा म्हणजे काय, चालतोय ना शेवटी, पास झालेला माल आहे. आणि ड्रायव्हरवर नाव तुझंच आहे, हे त्याने काळजीच्याच सुरात सांगितलं, धमकी म्हणून नाही. तिलाही तो सूर काळजीचाच वाटला. फोन ठेवल्यावर ती काही वेळ त्या वाक्याच्या सावलीत बसून राहिली. फक्त मेसेजच चुकतोय. असं म्हटलं की किती लहान होत होतं सगळं. लाइट तर आलेली आहे, सुजितची शिफ्ट तिनाला सुटेल, तो येईल, जेवेल, आणि मग त्याला सावकाश सांगता येईल. तिला आपल्या नावाची भीती वाटत होती, महेशची, कंपनीच्या मोठ्या साहेबांची, तिच्यावर रोखलेल्या नजरांची. या सगळ्या भीती ओळखीच्या होत्या, पाळलेल्या होत्या, आणि त्यांच्या घोळक्यात ती मोठी भीती जरा मागे उभी राहिल्यासारखी झाली. तेवढ्यात पंखा पुन्हा मंदावला. लाइट गेली.

सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडायला लागले. एकाने नेहमीप्रमाणे महावितरणच्या नावाने बोटं मोडली. मग एकाने लिहिलं, मेन लाइनच ट्रिप होतेय सारखी, अंबरनाथ एमआयडीसीपण बंद आहे. अनुयाने ते दोनदा वाचलं. म्हणजे आत्ता तिथे पंखे थांबलेत. वाफ जमिनीलगत पसरतेय, पावलांपर्यंत, घोट्यांपर्यंत. लग्नानंतर पालेगावला फ्लॅट बघायला गेले होते तेव्हाची संध्याकाळ तिला आठवली. गॅलरीत उभे असताना वाऱ्याबरोबर कारखान्यांचा गोडसर, घशाला चिकटणारा वास आला होता. ती नाक दाबून आत गेली आणि सुजित तिथेच उभा राहून दीर्घ श्वास घेत म्हणाला होता की मला तर आता कळतच नाही. रोज कपड्यांना वास येतो तो त्याला कधीच येत नाही, ती धुवायला टाकताना तिला येतो. ज्याला वास कळत नाही तो माणूस दाराशी उभा राहून तिच्या डब्याची वाट बघणार आहे. तिने कारखान्याचा गेटवरचा जुना लँडलाइन नंबर शोधून काढला, तो सासूबाईंनी फ्रिजच्या बाजूला चिकटवून ठेवला होता.

गेटवरच्या वॉचमनने आधी साब अंदर है म्हणून सांगितलं. मग बायको बोलतेय आणि घरचं अर्जंट आहे म्हटल्यावर त्याने प्लांटची लाइन जोडून दिली. घंटा वाजत राहिली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि कुणाला लावलास म्हणून विचारू लागल्या, तिने हातानेच थांबा म्हटलं. त्या थांबल्या नाहीत, पण त्यांचं बोलणं तिला ऐकू येईनासं झालं. सुजितने फोन उचलला.

“काय गं? आईला काही झालं का?”

“नाही. तिकडे लाइट आहे का?”

“आत्ता आली. का?”

“टाकीच्या खोलीत जाऊ नकोस. सुजित, डबा उशिरा जागा होतो. तो गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं धरू नकोस. माझी चूक आहे, नंतर सांगते, पण तू आत जाऊ नकोस.”

तो हसला. तिला त्या क्षणी त्याच्या हसण्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्या हसण्याचा आधार वाटला. तो म्हणाला की हे होय, हे तर त्यांना नवे डबे लागल्यापासूनच माहीत आहे. हिरवा दिवा लवकर लागतच नाही, बायकोचा डबा म्हणून त्याने घरी विषय काढला नाही इतकंच. त्यामुळे लाइट आल्यावर लगेच आत जाणं त्याने केव्हाच बंद केलं होतं. अनुया मटकन खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दारातल्या सासूबाईंना तिने मानेनेच सांगितलं की ठीक आहे, सुजित ठीक आहे. देव पावला, असं तिला अगदी सरळ, लहानपणासारखं वाटलं. सगळं जग पुन्हा आपापल्या जागी येऊन बसत होतं, खणातलं कार्ड, सांडलेला चहा, महेशचा खाली आलेला आवाज. मग काय करता तुम्ही, तिने नाक पुसत विचारलं. डबा उठेपर्यंत थांबता का?

“थांबायला वेळ कुठे असतो? मटेरियल खराब होतं. रघुला पाठवतो आधी. तो एक चक्कर मारून येतो आतून. तो आला बाहेर की मग आम्ही जातो.”

“कोण रघु?”

“आहे एक कंत्राटी, बारवीच्या बाजूचा. चांगला माणूस आहे. नाही म्हणत नाही कशाला.”

त्याने हे पगारपत्रकातली माहिती द्यावी तसं सांगितलं. त्याच्या आवाजात काहीच बदललं नव्हतं, आणि त्यामुळेच अनुयाला आपण नीट ऐकलं की नाही ते कळेना. हे नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. मघापासून तिच्या भीतीला एकच चेहरा होता, आणि तो चेहरा आता फोनवर सुखरूप बोलत होता.

“आत्ता कुठे आहे तो?”

“आत आहे. आत्ताच गेलाय.”

आता काय म्हणायचं ते तिला माहीत होतं. जा, त्याला बाहेर काढ. इतकं सोपं वाक्य. ते जिभेवर आलंही, आणि तिथेच थांबलं. कारण सुजित फोनवरून हाक मारणार नव्हता. त्याला दारापर्यंत जावं लागलं असतं, दार उघडावं लागलं असतं, आणि रघु पंपांच्या पलीकडे असला तर दाराच्या आतही. तिला त्याचा कळकट निळा शर्ट दिसला, सकाळी तिनेच त्याच्या खांद्यावरचा धागा ओढून काढला होता. वाक्य जिभेवरच होतं. सासूबाई काय झालं, काय म्हणतोय असं विचारत होत्या. सुजितने हॅलो म्हटलं. तिने विचारलं की तिथे दुसरं कुणी नाही का. तो म्हणाला की नाही, बाकीचे सगळे मेन पॅनलकडे आहेत, का? ती पुन्हा गप्प झाली. आपण गप्प आहोत आणि तिकडे एक माणूस श्वास घेतोय, हे तिला कळत होतं, आणि तरी ती अजून थोडी गप्प राहिली. मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“मग तू जा. त्याला बाहेर काढ, आत्ता. मी फोनवर आहे.”

त्या आवाजात काहीतरी असावं, कारण सुजित या वेळी हसला नाही. बरं म्हणाला आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा ठक्क आवाज आला. अनुया कान लावून बसली. तिकडून कसलीतरी घरघर येत होती, पंखे असतील. लांब कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटलं. उशिरा का होईना, आपण म्हणालो, असं ती स्वतःला सांगत होती, आणि त्यात थोडं समाधानही होतं, ते तिने नाकारलं नाही. भोंगा वाजत नव्हता. तिला वाटलं की तो वाजावा, आत्ता, जोरात. सासूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो जड वाटत होता. मग पावलं वाजली, कुणीतरी खोकत खोकत फोनजवळ आलं आणि रिसीव्हर उचलला गेला.

“हालो? कोन हाय?”

आवाज सुजितचा नव्हता. तिने विचारलं की तुम्ही कोण, सुजित साहेब कुठे आहेत.

“मी रघु. मी तं मागल्या दारानं भायेर आलो, आन सायेब म्होरल्या दारानं मना बघाया आत गेलं.” त्याला खोकल्याची उबळ आली, तो थांबला, श्वास घेतला. “आज लय हाय बगा आत, डोकं गरगरतंय. ताई, सायबाना बोलवून आनू का? जाऊ का मी परत?”

“जा,” अनुया म्हणाली.

रिसीव्हर पुन्हा टेबलावर आपटला आणि खोकला लांब लांब जात ऐकू येईनासा झाला. तेव्हा तिला कळलं की या वेळी तो शब्द यायला जरासुद्धा वेळ लागला नव्हता.